बर्गंडी ते अल्सास, स्वतः गाडी चालवत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं बर्गंडी आणि अल्सास या पूर्व फ्रान्समधल्या दोन वाइन प्रदेशांपुरती आहेत. दोन्हींच्या मधे ज्युरा लागतो, तोही धरला आहे. बोर्दो, शँपेन आणि प्रोव्हान्स मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. कारण पहिल्याच उत्तरात आहे.

आठ-दहा दिवस आहेत. शँपेन, बर्गंडी, बोर्दो, प्रोव्हान्स असं सगळं बसेल का?

बसेल, पण बहुतेक गाडीच्या काचेतूनच पाहावं लागेल. फ्रान्स महाराष्ट्राच्या पावणेदोन पट आहे आणि वाइनचे प्रदेश त्याच्या चार कोपऱ्यांत विखुरलेले आहेत. बर्गंडीतल्या बोनपासून बोर्दो सहाशे किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे एक अख्खा दिवस हायवेवर आणि टोलनाक्यांवर जाणार. बर्गंडीतली गावं मात्र एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटरवर असतात. पोमारच्या चर्चचा मनोरा मागे दिसेनासा व्हायच्या आत व्होल्नेची घरं सुरू होतात. अशा मुलखात रोज दीडशे-दोनशे किलोमीटर तोडायचे ठरवले, तर गाडी घेऊन आल्याचा उपयोगच राहत नाही.

माझा सल्ला असा: तीन-चार रात्री बोनच्या आसपास, एक रात्र ज्युरातल्या आर्बुआत आणि उरलेल्या रात्री अल्सासमधल्या कोलमारजवळच्या एखाद्या गावात. मुक्काम दोन-तीनच ठेवा आणि रोज तिथून फिरून परत या. दिवसाला तीन गावं पुष्कळ झाली. चौथं गाव आलं की सगळी लाकडी घरं सारखीच दिसायला लागतात.

गाडी खरंच लागते का? तिथल्या रेल्वे तर उत्तम आहेत.

शहरांपर्यंत रेल्वेच घ्या. पॅरिसहून दिजाँ टीजीव्ही या वेगवान रेल्वेने साधारण दीड तास आणि स्ट्रासबुर्ग पावणेदोन तास. दिजाँ ते बोन किंवा स्ट्रासबुर्ग ते कोलमार लोकल गाड्याही आहेत. अडचण त्याच्या पुढे सुरू होते. स्टेशनपासून गावांपर्यंतच्या बस मोजक्या, आणि रविवारी त्याहून कमी.

म्हणून गाडी लागतेच, पण ती पॅरिसमध्ये घेऊ नका. विमानतळावर उतरल्या उतरल्या, रात्रभराच्या प्रवासानंतर, उलट्या बाजूने पॅरिसच्या रिंगरोडवर गाडी चालवणं हा सुट्टीचा सगळ्यात वाईट आरंभ आहे. दिजाँपर्यंत रेल्वेने जा आणि गाडी तिथे घ्या. एक लक्षात ठेवा: लहान शहरांतली भाड्याच्या गाड्यांची ऑफिसं दुपारी जेवायला बंद होतात आणि रविवारी अनेकदा उघडतच नाहीत. गाडी घ्यायची वेळ त्या हिशेबाने ठरवा.

भारतातला परवाना चालतो का?

पर्यटक म्हणून गेलात तर चालतो, पण त्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवा. तो आपल्या आरटीओकडून मिळतो, अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर करता येतो आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. हा परवाना मूळ परवान्याच्या जागी चालत नाही, दोन्ही जवळ लागतात. फोनमधला डिजिलॉकर तिथल्या पोलिसाला दाखवून उपयोग नाही, प्लास्टिकचं मूळ कार्ड न्या.

गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या अटी वेगळ्या असतात. साधारणपणे परवाना निदान वर्षभर जुना लागतो, आणि चालक पंचविशीच्या आतला असेल तर जादा पैसे पडतात. सगळ्यात जास्त घोळ क्रेडिट कार्डावरून होतो. कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं हवं आणि डिपॉझिट अडकवण्याइतकी मर्यादा त्यात शिल्लक हवी. बुकिंग मुलाच्या कार्डावर आणि गाडी चालवणार बाबा, असं काउंटरवर चालत नाही. दुसरा चालक असेल तर त्याचं नाव आधीच करारात घाला.

गिअरची गाडी घ्यावी की ऑटोमॅटिक?

ऑटोमॅटिक. भाडं जास्त आहे आणि संख्या कमी आहे, म्हणून लवकर बुक करा. आपल्याकडे वर्षानुवर्षं डाव्या हाताने गिअर टाकलेला माणूस उजव्या हाताला रुळतो, पण पहिले दोन दिवस सगळं लक्ष त्यातच जातं. ते लक्ष रस्त्यावर हवं.

आणि लहान गाडी घ्या. अल्सासच्या जुन्या गावांतल्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत. चौघं आणि चार मोठ्या बॅगा असतील, तर गाडी मोठी करण्यापेक्षा बॅगा लहान करा.

उजव्या बाजूने चालवायची सवय व्हायला किती वेळ लागतो?

सरळ रस्त्यावर अर्ध्या तासात जमतं, कारण पुढची गाडी रस्ता दाखवतच असते. चुका होतात त्या रिकाम्या रस्त्यावर. सकाळी गावाबाहेरच्या पार्किंगमधून निघालात, समोर चिटपाखरू नाही, की हात आपसूक डावीकडे वळतात. शेजारी बसलेल्याला एकच काम द्या: प्रत्येक वळणानंतर मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं.

राउंडअबाउटमध्ये घड्याळाच्या उलट दिशेने जायचं असतं आणि आत असलेल्या गाडीला पहिला मान असतो. आपण थांबायचं, डावीकडे पाहायचं, मोकळं झालं की आत शिरायचं. बाहेर पडायचा रस्ता चुकला तर आणखी एक फेरी मारा, कोणी काही म्हणत नाही.

‘उजवीकडून येणाऱ्याला मान’ हा काय प्रकार आहे?

आपल्या चालकांना हा नियम सगळ्यात अनोळखी वाटतो, आणि नेमका तो गावांतच जास्त लागू होतो. चौकात काही पाटी नसेल, तर तुमच्या उजव्या हाताच्या रस्त्यावरून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. ती गल्ली कितीही चिंचोळी असो आणि तुम्ही कितीही मोठ्या रस्त्यावर असा. फ्रेंच माणूस त्या गल्लीतून डावीकडे न बघता बाहेर येतो, कारण तुम्ही थांबणार हे त्याने गृहीत धरलेलं असतं.

पिवळ्या चौकोनाची, एका टोकावर उभी केलेली पाटी दिसली की तुमचा रस्ता मुख्य. तीच पाटी काळ्या तिरक्या रेघेने खोडलेली दिसली की तो मान संपला. गावात शिरताना ही खोडलेली पाटी बऱ्याचदा दिसते, तिच्यावर नजर ठेवा.

वेगाची मर्यादा किती?

हायवेवर १३०, पावसात ११०. दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यांवर ११०. दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर जुलै २०१८ पासून ८०, काही जिल्ह्यांनी आपल्या रस्त्यांवर पुन्हा ९० केली आहे. वस्तीत ५०, आणि अनेक गावांत सरळ ३०. गोम अशी की वस्ती सुरू झाल्याची वेगळी सूचना नसते. लाल कडेच्या पांढऱ्या पाटीवर गावाचं नाव दिसलं की ५० लागू झाली असं समजायचं. तेच नाव लाल रेघेने खोडलेलं दिसलं की गाव संपलं.

कॅमेरे भरपूर आहेत आणि त्यांना दयामाया नाही. दंडाची नोटीस भाड्याच्या कंपनीकडे जाते, ती तुमचा पत्ता कळवते आणि त्या कामाचे पैसे तुमच्या कार्डावरून वेगळे कापते. दंड भरायचा राहतोच.

वाइन चाखायची आणि गाडीही चालवायची, हे जमतं कसं?

एकाच माणसाला नीट जमत नाही, हे आधी मान्य करू. फ्रान्समध्ये मर्यादा लिटरभर रक्तात ०.५ ग्रॅम अल्कोहोल इतकी आहे, आणि नव्याने परवाना मिळालेल्यांना ०.२. आपल्याकडचा कायदा ०.३ म्हणतो, म्हणजे तिथली मर्यादा जरा सैल आहे. त्यावर विसंबून मात्र राहू नका. एका तळघरात पाच-सहा वाइन समोर येतात, आणि अशी दोन तळघरं झाली की हिशेब कोणालाच राहत नाही.

रोज एक जण चालक ठरवा, दुसऱ्या दिवशी पाळी बदला. चालकाने चाखायचंच असेल तर थुंकायचं. त्यासाठी टेबलावर भांडं ठेवलेलंच असतं. तिथले जाणकार, खुद्द वाइन बनवणारेही, दिवसभर तेच करतात. आपल्याकडे चारचौघांत थुंकणं म्हणजे असभ्यपणा, त्यामुळे पहिल्यांदा अवघड वाटतं. पण भांडं न वापरता सहा ग्लास रिचवणाऱ्या पाहुण्याकडे तिथे जास्त काळजीने बघतात.

एक दिवस गाडी हॉटेलवरच ठेवून देणं त्याहून चांगलं. बोनपासून सांतनेपर्यंत द्राक्षबागांमधून जाणारा सायकलींचा रस्ता आहे. पोमार, व्होल्ने, मर्सो, पुलिनी-माँराशे ही सगळी गावं त्यावर लागतात. सायकल चालवणाऱ्यालाही दारूचा कायदा लागू आहे, पण चढउतार सौम्य आहेत आणि एका दिवसात आरामात जाऊन येता येतं.

बर्गंडीत नेमकं काय पाहायचं? द्राक्षबागा तर सगळीकडे सारख्याच दिसतात.

दिसतात सारख्याच, आणि बर्गंडीची सगळी मजा त्या सारखेपणातच दडलेली आहे. दिजाँहून दक्षिणेकडे सांतनेपर्यंत साठेक किलोमीटरचा ‘ग्राँ क्रू’चा, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या बागांचा, रस्ता जातो. त्याला १९३७ सालापासून हे नाव आहे. पश्चिमेला एक लांबलचक ठेंगणी टेकडी, तिच्या उतारावर द्राक्षं, खाली सपाटी. लाल वाइन पिनो न्वार द्राक्षांची, पांढरी शार्दोनेची, बाकीच्या जाती अगदी थोड्या. बर्गंडीच्या फिलिप द बोल्ड या ड्यूकने १३९५ साली गामे जातीचे वेल उपटून टाकायचा हुकूमच काढला होता. पीक भरघोस, पण त्याच्या मते दर्जा हलका.

मग जात तीच असताना शेजारच्या दोन शेतांतल्या वाइनच्या किमतीत दहापट फरक कसा? उत्तर जमिनीत आहे. चुनखडी किती, चिकणमाती किती, उतार कसा, पाणी कुठे निचरतं, सकाळचं ऊन किती मिळतं, यावरून इथल्या लोकांनी शतकानुशतकं एकेक तुकडा वेगळा ओळखला आणि त्याला नाव दिलं. अशा १,२४७ तुकड्यांना २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. उताराच्या मधल्या पट्ट्यात सर्वांत वरचा दर्जा म्हणजे ग्राँ क्रू, त्याच्या आजूबाजूला प्रेमिए क्रू, खालच्या अंगाला नुसत्या गावाच्या नावाची वाइन आणि मुख्य रस्ता ओलांडून सपाटीला साधी बर्गंडी. गाडीतून जाताना एका बाजूला सोन्याच्या भावाची जमीन असते आणि दुसऱ्या बाजूला रोजच्या जेवणातल्या वाइनची. मधे फक्त डांबर.

व्हूजोला नक्की थांबा. सिस्टर्शियन मठातल्या साधूंनी बाराव्या शतकापासून इथली बाग वाढवली आणि नंतर तिच्याभोवती दगडी भिंत घातली. आज त्या एका भिंतीच्या आतली सुमारे ५० हेक्टर जमीन ८० च्या आसपास मालकांत वाटली गेली आहे. राज्यक्रांतीत मठाची मालमत्ता जप्त झाली, पुढे विक्रीत आणि वारसांत तुकडे पडत गेले. नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना वाटा मिळतो. सातबाऱ्यावर वीस नावं पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाटलीवर नाव ‘क्लो द व्हूजो’च, पण ती कोणाच्या वाट्यातली आणि कोणाच्या हातची हे पाहिल्याशिवाय घेण्यात अर्थ नाही.

तिथून जवळच व्हॉन-रोमाने आहे. रोमाने-काँती ही जगातल्या सर्वांत महाग वाइनपैकी एक, आणि तिची बाग पावणेदोन हेक्टरच्या जराशी वर. कडेला एक दगडी क्रूस आहे, लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. बागेत शिरू नका, द्राक्ष तोडू नका. तशी विनंती तिथे लिहिलेलीच आहे.

बोनमध्ये ओटेल-द्यू चुकवू नका. बर्गंडीच्या ड्यूकचा चॅन्सेलर निकोला रोलँ आणि त्याची बायको यांनी १४४३ साली गरिबांसाठी स्थापन केलेलं हे रुग्णालय. रंगीत कौलांचं छप्पर सगळ्या फोटोंत असतं, पण आतली रुग्णांच्या खाटांची लांब दालनं आणि रोजिए व्हान डर वेडनचं ‘अंतिम निवाडा’ हे चित्र जास्त वेळ धरून ठेवतं. या संस्थेला लोकांनी दान दिलेल्या द्राक्षबागा आहेत आणि त्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून चालत आला आहे, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. त्या आठवड्यात बोनमध्ये राहायला जागा मिळेल अशी आशा ठेवू नका.

मधे ज्युराला का थांबायचं?

कारण तिथे गर्दी नाही. आणि आर्बुआ हे लुई पाश्चरचं गाव. जन्म जवळच्या डोलचा, पण लहानपण आर्बुआत गेलं. पुढे आंबण्याच्या क्रियेवरचे काही प्रयोगही त्यांनी इथे केले. त्यांचं घर पाहता येतं. इथली ‘व्हाँ जोन’ ही पिवळी वाइन पिंपात सहा वर्षं आणि तीन महिने तरी, वरून भर न घालता ठेवतात, आणि ती ६२ सेंटिलिटरच्या वेगळ्याच बुटक्या बाटलीत मिळते. चवीला अक्रोडासारखी. सगळ्यांना आवडेल असं नाही, म्हणून आधी चाखा, मग बाटली घ्या.

आर्बुआहून कोलमारकडे जाताना बेलफोरच्या अलीकडे राँशाँचा फाटा लागतो. टेकडीवर चंदीगडची आखणी करणाऱ्या ल कॉर्बुझिएने बांधलेलं चॅपल आहे, १९५५ सालचं. चंदीगड पाहिलेल्यांनी वाकडी वाट करावी. हे चॅपल आणि चंदीगडचं कॅपिटॉल संकुल, दोन्हींचा समावेश युनेस्कोने २०१६ साली एकाच यादीत केला आहे.

अल्सास बर्गंडीपेक्षा वेगळं आहे का?

दुसऱ्या देशात आल्यासारखं वाटतं, आणि इतिहासात ते तसं होतंही. १८७१ ते १९१८ अल्सास जर्मनीत होतं, १९४० नंतर पुन्हा काही वर्षं जर्मन ताब्यात. गावांची नावं जर्मन, घरं लाकडी चौकटींची, बाटल्या उंच आणि सडपातळ. बर्गंडीत लेबलवर जागेचं नाव असतं, अल्सासमध्ये बहुधा द्राक्षाच्या जातीचं: रीसलिंग, गेवुर्त्स्त्रामिनर, पिनो ग्री. नवख्याला हे सोपं जातं. दोन्हीकडे जायचं असेल तर वाइनच्या दृष्टीने आधी अल्सास करून मग बर्गंडीकडे वळलात तरी हरकत नाही.

इथला वाइनचा रस्ता १९५३ साली सुरू झाला. मार्लेनहाइमपासून तानपर्यंत १७० किलोमीटर. पूर्ण करायचा अट्टहास नको, कोलमारच्या वर-खाली तीस किलोमीटरचा पट्टा पुरेसा आहे. पश्चिमेचा पाऊस व्होझ पर्वत अडवतो, त्यामुळे कोलमार फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक आहे. महाबळेश्वरला धो धो आणि माण-खटावला आभाळ कोरडं, तसाच हा प्रकार.

गावांपैकी रीकवीर सर्वांत देखणं आणि सर्वांत गर्दीचं. तिथे सकाळी नऊच्या आत किंवा सहानंतर जा, मधल्या वेळात पर्यटकांच्या बस असतात. एगिसहाइमच्या गल्ल्या मधल्या किल्ल्याभोवती गोल गोल फिरतात. कायझर्सबर्ग हे शांततेचं नोबेल मिळालेले डॉक्टर आल्बर्ट श्वाइत्सर यांचं जन्मगाव. टुर्कहाइममध्ये उन्हाळ्यात रात्री दहाला कंदील घेतलेला रखवालदार गात फेरी मारतो. मला स्वतःला हुनाव्हिर आवडतं. गाव लहान, तटबंदीचं चर्च थेट द्राक्षबागेत उभं, आणि शेजारी करकोच्यांचं संगोपन केंद्र. १९७० च्या दशकात अल्सासमधून करकोचे जवळजवळ नाहीसे झाले होते, आता छपराछपरावर घरटी दिसतात.

पाऊस लागला तर कोलमारचं उंटरलिंडेन संग्रहालय. तिथली इसेनहाइमची वेदी, म्हणजे चर्चमधल्या वेदीचे जुने चित्रफलक, पाहायला लांबून लोक येतात.

कोणत्या महिन्यात जावं?

मेचा दुसरा पंधरवडा, जून, किंवा सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. ऑक्टोबरात पानं पिवळी-तांबडी होतात आणि हवा चांगली असते. तोडणी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर चालते. नाशिककडे जानेवारी ते मार्चमध्ये जी धांदल असते तीच इथे तेव्हा असते. बघायला छान, पण छोट्या मालकांना पाहुण्यांसाठी वेळ नसतो. ऑगस्टमध्ये मालक स्वतःच सुट्टीवर जातात.

डिसेंबरात अल्सासचे नाताळ बाजार भरतात. स्ट्रासबुर्गचा बाजार १५७० पासूनचा. सुंदर असतो, महाग असतो आणि पार्किंग मिळत नाही. नोव्हेंबर ते मार्च व्होझ आणि ज्युराच्या डोंगराळ भागांत बर्फाचे टायर किंवा साखळ्या सक्तीच्या आहेत. गाडी घेतानाच विचारून घ्या.

सुट्ट्याही बघा. १ मे, ८ मे, १४ जुलै, १५ ऑगस्ट ही देशभरची. अल्सासमध्ये त्याशिवाय गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबरलाही बंद असतं.

वायनरीत असंच शिरता येतं का, की आधी कळवायचं?

नाशिकच्या मोठ्या वायनरीसारखं तिकीट, फेरी, रेस्टॉरंट असं क्वचितच आढळेल. बहुतेक जागा म्हणजे एका कुटुंबाचं घर, अंगण आणि तळघर. अल्सासमध्ये दारावर पाटी असेल तर बेल वाजवून आत जाता येतं. बर्गंडीत दोन-तीन आठवडे आधी ईमेल करा. नावाजलेल्या घराण्यांकडून नकारच येईल, त्यांची वाइन आधीच विकली गेलेली असते. गावाच्या सामाईक चाखणगृहात मात्र अनेक मालकांच्या बाटल्या एकाच ठिकाणी मिळतात.

बारा ते दोन कोणाचंही दार वाजवू नका, ती जेवणाची वेळ. आत शिरताना आधी ‘बाँजूर’ म्हणा, मगच पुढचं बोला. ते न म्हणता थेट इंग्रजीत प्रश्न विचारला की समोरचा आखडतो. अत्तर लावून जाऊ नका, तळघरात दुसऱ्यांनाही वास घ्यायचा असतो. चाखण्याचे पैसे घेतले नसतील, तर निघताना एक-दोन बाटल्या घेण्याची रीत आहे.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी राहणार नाही, पण रोज थोडी तजवीज करावी लागेल. बर्गंडीची प्रसिद्ध पानं म्हणजे वाइनमध्ये शिजवलेलं गोमांस, गोगलगायी, आणि लाल वाइनमधली अंडी, ज्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. अल्सासमध्ये आंबवलेल्या कोबीवर सॉसेज रचलेले. कांद्याचं सूप निरुपद्रवी वाटतं, पण ते बहुधा गोमांसाच्या रश्शात केलेलं असतं. अंडं आणि साय घालून भाजलेल्या कीश लोरेनमध्येही डुकराचं मांस असतं.

चालण्यासारखं काय? अल्सासची तार्त फ्लांबे, म्हणजे पातळ भाकरीएवढ्या पोळीवर सायीचा थर आणि कांदा. तिच्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे ठरलेलेच, म्हणून ‘साँ लार्दाँ’ असं स्पष्ट सांगा. मशरूमची मागितली तरी सांगा. बर्गंडीत गुजेर हे चीजचे फुगलेले गोळे मिळतात. चीज सगळीकडे उत्तम, पण अनेक चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं. कडक शाकाहारी आणि जैन मंडळींनी हे लक्षात घ्यावं.

खरा उपाय म्हणजे स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेणं. तिथे त्याला ‘झीत’ म्हणतात. बोनचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, भाजी बघूनच भूक लागते. सोबत चिवडा, पोहे, मेतकूट, भाजणी, सुक्या चटण्या न्या. तूप, पेढे, बर्फी, पनीर नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. हापूसची पेटीही राहू द्या, ताज्या फळांना तपासणीचं प्रमाणपत्र लागतं.

जेवणाच्या वेळा पाळाव्याच लागतात. दुपारी बारा ते दीड-दोन, रात्री सात ते नऊ. अडीच वाजता लहान गावात पोचलात तर बेकरीही बंद असू शकते. गाडीत कायम ब्रेड, चीज, टोमॅटो, केळी ठेवा. रविवार संध्याकाळ आणि सोमवार तर अनेक रेस्टॉरंटं बंदच. प्यायला साधं नळाचं पाणी मागितलं की फुकट मिळतं.

पार्किंग आणि टोलचं काय?

गावाच्या बाहेर पार्किंग असतं. तिथेच लावा आणि चालत जा, गल्ल्यांत शिरू नका. यंत्रात बहुधा गाडीचा नंबर टाकावा लागतो, म्हणून नंबरप्लेटचा फोटो फोनमध्ये ठेवा. निळ्या पट्ट्यांच्या जागेत पैसे नसतात, पण आल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची चकती काचेमागे ठेवावी लागते. रात्री गाडी चौकात लावली असेल तर दुसऱ्या दिवशी तिथे बाजार नाही ना हे पाटीवर वाचा. पहाटे भाजीवाले यायच्या आधी गाड्या उचलून नेतात.

टोलनाक्यावर नुसतं नारिंगी ‘टी’ असलेल्या रांगेत जाऊ नका, ती आपल्या फास्टॅगसारख्यांसाठी असते. हिरव्या बाणाच्या किंवा कार्डाच्या रांगेत जा. परदेशी कार्ड कधी कधी यंत्र नाकारतं, म्हणून सुटे युरो जवळ असू द्या. दिजाँ-बोनकडचे आणि बोन-म्युलूझ हे हायवे टोलचे आहेत. अल्सासमध्ये उत्तर-दक्षिण जाणाऱ्या ए३५ हायवेवर टोल नाही, स्ट्रासबुर्गला पश्चिमेकडून वळसा घालणारा ए३५५ मात्र टोलचा आहे.

पेट्रोल भरताना कशाची काळजी घ्यायची?

गाझोल म्हणजे डिझेल. एसपी ९५ आणि एसपी ९८ म्हणजे पेट्रोल. नळीवर गोलात ई असेल तर पेट्रोल, चौकोनात बी असेल तर डिझेल, तीच खूण टाकीच्या झाकणाच्या आतही असते. सुपरमार्केटच्या पंपावर स्वस्त, हायवेवर सर्वांत महाग. बहुतेक ठिकाणी आपणच भरायचं.

गाडी बंद पडली किंवा ठोकली तर?

आणीबाणीला ११२. हायवेवर नारिंगी फोनच्या खांबावरून कळवा. तिथे स्वतःचा मेकॅनिक बोलावता येत नाही, ठरवून दिलेलीच टोइंग गाडी येते. फ्लुरोसंट जाकीट डिकीत नको, हाताशी ठेवा, कारण ते अंगात घालूनच खाली उतरायचं असतं. किरकोळ धडक झाली तर दोन्ही चालक एक ठरलेला अर्ज भरून सही करतात. तो गाडीच्या कागदांत असतो, फ्रेंच मजकूर न समजता सही करू नका, आधी भाड्याच्या कंपनीला फोन लावा.

दहा वर्षांखालच्या मुलांना मागेच बसवायचं, त्यांच्या मापाच्या आसनावर. ते आसन गाडीबरोबरच बुक करा.

कोलमारहून स्वित्झर्लंड किंवा जर्मनीत चक्कर मारता येईल का?

बाझेल आणि फ्रायबुर्ग दोन्ही तासाभरात आहेत. सीमेपलीकडे नेण्याची परवानगी करारात आहे का ते पाहा. स्वित्झर्लंडच्या हायवेसाठी वर्षभराचा पास (स्टिकर किंवा ऑनलाइन) घ्यावा लागतो, एका दुपारसाठीही तोच. म्हणून बाझेलला रेल्वेने गेलेलं बरं. बाझेल-म्युलूझ विमानतळाला फ्रेंच आणि स्विस अशा दोन बाजू आहेत. गाडी घेताना आणि परत करताना कोणती बाजू हे नीट वाचा.

वाइन भारतात आणता येते का?

प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. म्हणजे नेहमीच्या मापाच्या दोन बाटल्या, तिसरीला मर्यादा ओलांडली जाते. दोघं असाल तर हिशेब प्रत्येकाचा वेगळा धरा. त्याहून जास्तीवर शुल्क जबर आहे, सुटायचा प्रयत्न न करता विमानतळावर कस्टमच्या लाल मार्गाने जा. बाटल्या चेक-इन बॅगेतच जातात. कपड्यांत गुंडाळण्यापेक्षा गावातल्या दुकानात मिळणारी बाटल्यांची हवेची पाकिटं घ्या.

एकाच दुकानात १०० युरोंच्या वर खरेदी झाली तर करपरतीचा कागद मागता येतो आणि विमानतळावरच्या यंत्रात तो वाचून घ्यावा लागतो. लहान मालक ही सोय बहुधा देत नाहीत. दोनच बाटल्या आणायच्या असतील तर इथे दुकानात मिळणारी मोठी नावं सोडा आणि ज्या अंगणात बसून चाखलीत तिथल्याच घ्या. उन्हाळ्यात त्या डिकीत दिवसभर ठेवू नका, दुपारच्या उन्हात बूच वर येतं.